सुभेदारांचा साल्सा

आष्ट्याच्या सुभेदार हिंदुरावांना स्वतःच्या हातानं चहासुद्धा करता येत नव्हता. पण दुसऱ्याच्या स्वयंपाकात काय चुकलंय, हे त्यांना पहिल्याच घासाला कळायचं. फौजेत त्यांनी अठ्ठावीस वर्षं काढली आणि त्यातली शेवटची सहा लंगरावर, म्हणजे जवानांच्या स्वयंपाकघरावर, देखरेख करण्यात घालवली. रोज अकरा वाजता मोठ्या पातेल्यातली डाळ वाटीत घ्यायची, जिभेवर ठेवायची आणि पास किंवा नापास म्हणायचं, एवढंच काम. निवृत्त होऊन घरी आले तेव्हा बरोबर एक लोखंडी ट्रंक तेवढी आणलीय, असं भावकीला वाटलं. ते पास-नापासही त्याच ट्रंकेतून आलंय, हे त्यांच्या बायकोला, येसूबाईंना, पहिल्याच आठवड्यात कळलं.

जेवण पास झालं तर हिंदुराव काहीच बोलत नसत. नापास झालं की डाव्या हातानं ताट हातभर पुढं सरकवायचे आणि उठायचे. शिवी नाही, आदळआपट नाही. कुणी बोललं असतं तर येसूबाईंनी चार शब्द परत तरी केले असते, पण सरकलेल्या ताटाला काय उत्तर देणार? त्या ताट उचलायच्या आणि दुसऱ्या दिवशी मीठ दोनदा चाखून बघायच्या. त्यांचा हात असा धास्तावलेला झाला होता की चुलीजवळून नुसत्या गेल्या तरी चिमूटभर मीठ भांड्यात टाकून जायच्या.

पाच वर्षांपूर्वी मात्र हे ताट नको त्या दिवशी सरकलं. हिंदुरावांची एकुलती एक लेक शिवांजली इंजिनियर. मोटारींचे भाग बनवणाऱ्या तिच्या कंपनीनं तिला मेक्सिकोला पाठवायचं ठरवलं. निघायच्या आदल्या दिवशी तिनं हौसेनं स्वतः मटणाचा रस्सा केला. दुपारी हिंदुरावांचे दोन फौजी दोस्त आणि शेजारचे नानासो जेवायला होते. पहिला घास घेतला आणि हिंदुरावांचा डावा हात उठला. रस्सा खारट झाला होता. ताट सरकलं. त्या दिवशी तर त्यांनी वर एक वाक्यही टाकलं, "एवढी शिकली, पर मीठ कळंना."

शिवांजली ताट उचलून आत गेली आणि दुसऱ्या दिवशी मेक्सिकोला गेली. त्यानंतर दोनदा रजेवर आली, हसली, बोलली, बापासाठी तिकडची टोपी आणली. पण जेवायची वेळ झाली की म्हणायची, "तुमी बसा आण्णा, मी आईबरोबर बसते." भांडण असतं तर हिंदुरावांनी मिटवलं असतं, भांडणातले ते जुने खेळाडू. पण इतक्या गोड आवाजातल्या 'तुमी बसा'शी कसं लढायचं, हे त्यांना फौजेनं शिकवलं नव्हतं. पाच वर्षं ते एकटेच जेवत होते, आणि हे आपल्याला लागतंय, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

यंदा शिवांजलीची बदली पुण्याला झाली आणि ती येत्या रविवारी आष्ट्याला यायची होती. फोनवर ती आईला सांगत होती, "आई, बाकी सगळं ठीक हाय गं. पर साल्सा न्हाई त्यामुळं घास उतरंना झालाय. तिकडं रोज ताटात असायचा."

"म्हंजी काय असतंय?"

"टोमॅटोची चटणी म्हण. तव्यावर भाजून, दगडात ठेचून."

दाराआड हिंदुराव वर्तमानपत्र उलटं धरून ऐकत होते. फोन संपल्यावर ते स्वयंपाकघरात आले आणि मोहिमेवर निघाल्यासारखे म्हणाले, "ते साल्सा का काय, ते मी करणार."

येसूबाईंच्या हातातलं लाटणं थांबलं. मग त्या इतक्या हसल्या की पदरानं डोळे पुसावे लागले. "तुमी? आवं, गॅस कुठल्या बाजूला फिरवायचा ते तरी ठाव हाय का?"

"लंगर चालवलाय मी."

"चाखलाय. चालवला न्हाई."

हिंदुरावांनी मोबाइल काढला आणि साल्साचा व्हिडिओ लावला. व्हिडिओत एक मेक्सिकन बाई तव्यावर अख्खे टोमॅटो, कांदा, लसूण, मिरच्या भाजत होती, पार काळं होईपर्यंत. मग तिनं ते सगळं तीन पायांच्या काळ्या दगडी खलात घातलं आणि ठेचलं. हिंदुरावांना तो खल ओळखीचा वाटला. त्यांच्या आईचा तसाच दगडी खल मागच्या दारी पडून होता. त्याला पाय नव्हते एवढंच. गेली दहा वर्षं तो वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून दाराला लावलेला असायचा. त्यांनी तो धुतला, उन्हात वाळवला आणि पहिल्या दिवसाची कामगिरी सुरू केली.

भाजणं उत्तम झालं. टोमॅटो तव्यावर तडतडले, सालं काळी पडून सुटायला लागली. इथवर मेक्सिकन बाई आणि सुभेदार यांच्यात काही फरक नव्हता. पण त्यानंतर हिंदुरावांमधला फौजी जागा झाला. काळं दिसलं की घासायचं, मग ते बूट असोत, पातेलं असो की टोमॅटो. त्यांनी ते सगळं नळाखाली धरलं आणि बोटांनी चोळून चोळून लख्ख केलं. कांद्याचे पदर निघाले, लसणीच्या पाकळ्या मोरीत गेल्या. राहिलं ते खलात घालून ठेचलं तेव्हा जे तयार झालं, त्याला येसूबाईंनी चमचा लावला आणि म्हणाल्या, "कुणी आजारी हाय का घरात?"

हिंदुरावांनी व्हिडिओ पुन्हा पाहिला. ती बाई कुठंच काही धुत नव्हती. काळ्यासकट खलात घालत होती. त्यांनी वहीत लिहिलं: काळे धुऊ नये. खाली तारीख टाकली आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी चूक मिरचीत झाली, आणि तिला ते एकटेच जबाबदार नव्हते. व्हिडिओतल्या मिरचीचं नाव त्यांनी कागदावर उतरवलं होतं. बाजारात हरणाबाई भाजीवालीच्या पुढ्यात उभं राहून त्यांनी विचारलं, "हालापेनो हाय का?"

"कसले हाल?"

"हाल न्हाई. हालापेनो. मिरचीचं नाव हाय, मेक्सिकोतल्या."

हरणाबाईंनी गालातल्या गालात हसत टोपलीच्या तळातून मूठभर बारीक मिरच्या काढल्या. "हाल करणारीच पायजे, तर ही घ्या सुभेदार. हिच्यापुढं मेक्सिको-बिक्सिको काय न्हाई."

ती लवंगी होती. व्हिडिओत तीन मिरच्या होत्या, म्हणून हिंदुरावांनीही मोजून घेतल्या, पण त्या बाईच्या तीन आणि हरणाबाईंच्या तीन यांत फार अंतर होतं. शिवाय लवंगी लहान दिसतात म्हणून त्यांनी आणखी पाच टाकल्या. तवा तापला आणि घरात ठसका उठला. येसूबाई तोंडाला पदर लावून अंगणात गेल्या. शेजारून नानासो खोकत खोकत आले आणि कुंपणाशी उभे राहून ओरडले, "काय रं गड्या, दारूगोळा आणलास का काय पेन्शनीबरोबर?"

"साल्सा करतोय!"

"कर की. पर आदी गाव रिकामं करायचं हुतं."

नानासोंना त्यांनी एक चमचा चाखायला दिला. नानासोंनी तो जिभेवर ठेवला, मान हलवली, हौदावर गेले आणि तोंड पाण्यात घालून बसले. त्या दिवशी वहीत नोंद झाली: भजीची मिरची घ्यावी, दोनच. हरणाबाईंवर विश्वास ठेवू नये.

तिसऱ्या दिवशीची चूक मात्र अशी होती, की ती आष्ट्याच्या माणसाशिवाय कुणाला जमली नसती. संध्याकाळी शिवांजलीचा फोन आला. पुन्हा दार, पुन्हा वर्तमानपत्र. लेक सांगत होती, "आई, खरं सांगू का, मला सगळ्यात जास्त आवडतं ते पिको. तिकडं रोज पिको लागायचंच मला. मी आल्यावर करून देशील का?"

"देते की. सांग कसं करायचं ते," येसूबाई म्हणाल्या.

पुढचं ऐकायला हिंदुराव थांबलेच नाहीत. त्यांचा ऊर भरून आला होता. पोरगी परदेशात राहून रोज साडी नेसायची! आणि ते आपल्याला कुणी सांगितलंसुद्धा नाही! येसूबाईंनी लेकीसाठी तीन नव्या साड्या घेऊन कपाटात ठेवल्या होत्या. हिंदुरावांनी त्या पिशवीत घातल्या आणि तडक रेश्माकडे गेले. रेश्माच्या दुकानावर पाटीच होती, 'येथे पिको-फॉल करून मिळेल'.

"शनिवारपर्यंत पायजेत," ते रुबाबात म्हणाले. "पोरगीला पिको लय आवडतंय. मेक्सिकोत बी रोज करत हुती."

रेश्मा पंधरा वर्षं साड्यांच्या कडा शिवत होती, पण कुणाला पिको आवडतं असं तिनं पहिल्यांदाच ऐकलं. तिला तिच्या कामाचा एकदम अभिमान वाटला.

घरी येऊन त्यांनी हे येसूबाईंना सांगितलं. त्या आधी नुसत्या बघत राहिल्या. मग भिंतीला टेकून खाली बसल्या आणि हसून हसून त्यांची पुरेवाट झाली. "आवं... पिको म्हंजी... आवं, ती कोशिंबीर हाय!"

"कसली कोशिंबीर?"

"कच्चा टोमॅटो, कांदा, कोथमीर, मिरची, लिंबू. बारीक चिरायचं. त्येला तिकडं पिको कायतरी म्हंत्यात. कोंबड्याची चोच असा अर्थ हुतोय म्हणं."

हिंदुरावांनी कपाळाला हात लावला. साड्या परत आणायला तेच गेले असते, पण रेश्माला काय सांगायचं या विचारानं त्यांचे पाय निघेनात. शेवटी साड्यांना पिको होऊन आलं आणि ते कामाला आलंच, कारण शिवांजली कधीतरी साडी नेसतेच. पिको नावाची कोशिंबीर करायला येसूबाई बसल्या, तर लिंबू पिळल्यावर त्यांचा हात आपोआप दाण्याच्या कुटाच्या डब्यात गेला. एक मूठ कूट पडलं, वर मोहरीची फोडणी पडली आणि मेक्सिकोचा कोंबडा आष्ट्याचा झाला. या वेळी हसायची पाळी हिंदुरावांची होती. त्यांनी ती मिळालेली संधी सोडली नाही. वाटी पुसून खाल्ली आणि म्हणाले, "पास. पर पिको न्हवं."

कोशिंबिरीचा नाद तिथंच सोडायचा आणि भाजलेल्या साल्सावरच जोर द्यायचा, असं त्यांनी ठरवलं. शुक्रवारी एकदा केला, त्यात लसूण कच्ची राहिली. शनिवारी केला तो नानासोंनी भाकरीबरोबर दोनदा घेतला. हिंदुरावांना मनातून वाटलं, अठ्ठावीस वर्षांत मिळालं नाही ते पदक आज मिळालं. आणि त्याच वेळी एक नको ती गोष्टही मनात आली. चार दिवसांत आपल्याकडून चार चुका झाल्या आणि एकदाही कुणी आपल्यापुढची वाटी सरकवली नाही. हसले सगळे, पण चमचा लावला सगळ्यांनी.

रविवारी शिवांजली सकाळी लवकर पुण्याहून निघाली. "साताऱ्यात चहा घेतला," असा निरोप आला, मग "पेठ नाका सोडला" असा आला, तेव्हा हिंदुरावांनी तवा ठेवला. दोन भजीच्या मिरच्या, पाच टोमॅटो, एक कांदा, चार पाकळ्या लसूण. काळ्यासकट खलात. कोथिंबीर, लिंबू. मग त्यांनी मीठ मोजून टाकलं, चाखलं, समाधानानं मान हलवली आणि ओट्यामागच्या भिंतीवर खडूनं ठळक लिहिलं: मीठ झाले. इतकी खबरदारी लंगरातही कुणी घेतली नसेल. मग ते आंघोळीला गेले.

शिवांजली आली. आईच्या गळ्यात पडली, बापाच्या पाया पडली, पिको केलेल्या साड्या बघून "एवढी घाई का केलीसा?" म्हणाली. येसूबाई तोंड फिरवून हसल्या. जेवायची वेळ झाली. हिंदुरावांनी स्वतः दोन पाट मांडले, शेजारी शेजारी. येसूबाईंनी मक्याच्या पातळ भाकऱ्या केल्या होत्या.

"तुमी बसा आण्णा," शिवांजली म्हणाली. "मी आईबरो..." आणि थांबली. तिला तो दगडी खल दिसला होता. "हे कुणी केलं?"

"तुझ्या बापानं," येसूबाई म्हणाल्या. "मंगळवारधरनं घरात लढाई चाललीय. नानासोंची जीभ अजून जाग्यावर न्हाई."

शिवांजलीनं खलाकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं. हिंदुराव उगीच पाटाची कड पुसत होते. ती शेजारच्या पाटावर बसली. पाच वर्षांनी बसली. हिंदुराव गरजेपेक्षा जोरात म्हणाले, "वाढ गं."

शिवांजलीनं भाकरीचा तुकडा मोडला, साल्सात बुडवला आणि तोंडात घातला. हिंदुराव तिच्या तोंडाकडे बघत होते. चावता चावता ती क्षणभर थांबली. मग गिळलं, पाणी प्याली आणि म्हणाली, "छान झालाय."

ही खोटं बोलतेय, हे सहा वर्षं चाखणाऱ्या माणसाला लगेच कळलं. त्यांनी स्वतः घास घेतला. खारट. नुसता खारट. आणि मग जे झालं ते त्यांनी ठरवून केलं नाही. सवयीनं झालं. डावा हात उठला आणि स्वतःच केलेल्या साल्साचं ताट चार बोटं पुढं सरकलं.

तिघंही त्या हाताकडे बघत राहिली. हिंदुरावांनी तो भाजल्यासारखा मागे घेतला. "मी एकदाच टाकलं हुतं," ते म्हणाले. "शप्पत. भिंतीवर लिवलंय बघ."

येसूबाईंनी भिंतीकडे मान वळवली, डोळे बारीक केले. चष्मा शिवणाच्या डब्यात होता. "मला वाटलं, दुधाचा हिशेब लिवलाय," त्या हळूच म्हणाल्या. "तुमी आंघुळीला गेलासा, तवा मी बी टाकलं. म्हनलं, तुमी इसरला असशीला. आज तरी पोरीपुढं काय कमी नगं पडाय."

हिंदुराव तोंड उघडणार, तोच येसूबाई मटकन खाली बसल्या. "तवाबी असंच झालं हुतं," त्या म्हणाल्या.

"कवा?"

"मटनाच्या दिशी. पोरीनं मीठ घातलं हुतं. मी चुलीपासनं जाता जाता आणखी घातलं. तुमचं दोस्त जेवाय हुतं, कमी पडलं तर तुमी ताट सरकवशीला म्हणून. पाच वर्सं झाली, माझ्या तोंडनं निघंना."

मग शिवांजली म्हणाली, "मला म्हाईत हुतं, आई."

"तुला?"

"रस्सा चाखला आणि तुझ्या तोंडाकडं बघितलं, तवाच कळलं."

"मग बोलली का न्हाईस गं बाय?"

"बोलून काय झालं असतं? तेच ताट तुझ्यावर सरकलं असतं."

हिंदुरावांना लाज वाटली. इतकी की त्यांना वर बघवेना. त्यांना वाटत होतं, पाच वर्षं पोरगी आपल्यावर रुसलीय. ती तर तेव्हापासून आईच्या बाजूला जाऊन बसत होती. तिला एकटीला ताटं उचलायला लागू नयेत म्हणून. आणि येसू इतकी वर्षं मीठ टाकत होती ते चवीसाठी नव्हे, भीतीनं. हे ज्याला कळलं नाही, तो म्हणे चाखणारा.

"चुकलं माझं," ते म्हणाले. लंगरात त्यांनी हजारदा 'चुकलं' म्हटलं होतं, पण ते नेहमी दुसऱ्याचं असायचं. म्हणून पुन्हा एकदा म्हणाले, "तवा बी, आणि त्येच्या आदी बी. दोघींचं न्हाई. माझं चुकलं."

येसूबाईंनी पदर डोळ्यांना लावला, आणि या वेळी त्या हसत नव्हत्या. शिवांजलीनं बापाच्या पाठीवर हात ठेवला आणि थोडा वेळ तसाच राहू दिला. मग ती उठली. "टोमॅटो हायत का अजून? मीठ जास्त झालं म्हणून कुणी उठत न्हाई, आण्णा. माल वाढवायचा."

हिंदुरावांनी लगबगीनं तवा ठेवला. चार टोमॅटो भाजले, काळे झाले. शिवांजली ते उचलून नळाकडे वळली मात्र, हिंदुराव एकदम म्हणाले, "अगं काळं धुऊ नगंस! त्यातच तर सगळी चव असती."

"बरं, सुभेदार," ती म्हणाली आणि हसली. "नळ मला हात धुवायला पायजे."

तिनं नवे टोमॅटो खलात घातले, बापानं ठेचले, आईनं कांदा चिरला. साल्सा दुप्पट झाला. शिवांजलीनं बोटानं चाखून मान डोलावली. येसूबाई खल उचलायला वाकल्या आणि वाकता वाकता त्यांचा हात मिठाच्या बरणीकडे गेला.

"आई!"

"येसू!"

बापलेक एकाच आवाजात ओरडले. येसूबाईंनी हात मागे घेतला, स्वतःच्या हाताकडेच रागानं बघितलं आणि तिघंही हसत सुटली. कुंपणापलीकडून नानासोंनी विचारलं, "आता कुणाचे हाल झालं रं?"

तिसरा पाट मांडला. शिवांजलीनं आईला बापाच्या शेजारी बसवलं आणि स्वतः त्यांच्या समोर बसली. तिनं आपलं ताट पुढं घेतलं, बापाच्या ताटाला कड लागेपर्यंत घेतलं.

"आता सरकवा बघू," ती म्हणाली.

हिंदुरावांनी डावा हात मांडीखाली घातला आणि उजव्या हातानं भाकरी मोडली.